अपॉप्का सरोवरातील मगरी : एका पर्यावरणीय कारणमीमांसेचा इतिहास

प्रस्तावना

पर्यावरणाचा इतिहास लिहिताना अभ्यासकासमोर साधनांचा प्रश्न नेहमीच उभा राहतो. राज्यकारभाराची दप्तरे, महसुलाच्या नोंदी, प्रवासवर्णने ही इतिहासलेखनाची परिचित साधने होत. परंतु एखाद्या जलाशयात चाळीस-पन्नास वर्षे काय मिसळत गेले, याची सलग नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती तळाच्या गाळात, माशांच्या चरबीत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांतील बलकात साठत राहते. ती वाचावयाची असल्यास इतिहासाच्या अभ्यासकाला जीवशास्त्रज्ञाचे बोट धरावे लागते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील अपॉप्का सरोवराचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण आहे.

पर्यावरणशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत या सरोवराची हकीकत थोडक्यात दिलेली असते. १९८० मध्ये एका कारखान्यातील कीटकनाशके सरोवरात गेली, त्यानंतर मगरींची संख्या झपाट्याने घटली आणि उरलेल्या नर मगरींच्या जननेंद्रियांची वाढ खुंटलेली आढळली, असा तिचा आशय असतो. या हकीकतीतील प्रत्येक विधानाला पुरावा आहे. तरीही संपूर्ण प्रकरणाची कारणमीमांसा म्हणून ती अपुरी ठरते. एका दिवसाच्या अपघाताला तारीख असते आणि आरोपीही असतो. त्यामुळे तो लक्षात राहतो. त्या अपघातापूर्वीच्या चार दशकांच्या शेतीला अशी एक तारीख नव्हती. प्रस्तुत लेखात अपॉप्का सरोवरातील मगरींच्या प्रजननविषयक संशोधनाचा कालानुक्रमे मागोवा घेतला आहे. हे संशोधन पुढे सरकत गेले तसतसे कारणाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि या शोधाच्या कक्षेबाहेर कोण राहिले, हे पाहणे हा त्यामागील हेतू आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या सरोवरातील प्राणी ‘ॲलिगेटर’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील नद्यांतील मगर त्याच गणातील असली तरी वेगळ्या कुलातील आहे. मराठीत दोहोंसाठी ‘मगर’ हाच शब्द रूढ असल्यामुळे लेखात तोच वापरला आहे.

सरोवर, बांध आणि काळी माती

अपॉप्का हे मध्य फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराच्या वायव्येस असलेले विस्तीर्ण पण उथळ सरोवर होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कालवा खोदून त्याचे पाणी उत्तरेकडील सरोवरात सोडण्यात आले आणि त्याची पातळी खाली आली. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते स्वच्छ पाण्यासाठी आणि ‘बास’ जातीच्या माशांसाठी देशभर प्रसिद्ध होते. तळापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचत असे आणि पाणवनस्पतींची दाट वाढ असे. गळ टाकून मासे पकडण्याच्या हौसेने दूरदूरचे लोक तेथे येत.

या सरोवराच्या इतिहासातील निर्णायक वर्ष १९८० नसून १९४१ आहे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. त्या वर्षी उत्तर काठावर बांध घालून सुमारे २०,००० एकर पाणथळ जमीन सरोवरापासून तोडण्यात आली आणि तिच्यातील पाण्याचा निचरा करण्यात आला. महायुद्धाच्या काळात अन्नधान्याची गरज वाढली होती. वनस्पतींच्या शतकानुशतकांच्या कुजण्याने तयार झालेली तेथील काळी, भुसभुशीत माती भाजीपाल्यासाठी अत्यंत अनुकूल होती. मका, गाजर, कोबीवर्गीय व पालेभाज्या यांची पिके तेथे वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा घेतली जाऊ लागली.

या शेतीची पद्धतच सरोवराला घातक होती. शेते सरोवराच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे कोरड्या काळात सरोवराचे पाणी शेतात घेतले जाई आणि पावसाळ्यात शेतातील पाणी पंपाने पुन्हा सरोवरात टाकले जाई. त्या पाण्याबरोबर फॉस्फरस येई आणि पिकांवर फवारलेल्या कीटकनाशकांचे अंशही येत. १९४७ मध्ये सरोवरात शेवाळाची पहिली मोठी वाढ नोंदविली गेली. पाणी हिरवे झाले, तळाशी प्रकाश पोहोचेनासा झाला आणि पाणवनस्पती नष्ट होऊ लागल्या. बास माशांची जागा ‘गिझर्ड शॅड’ या शेवाळावर जगणाऱ्या माशांनी घेतली. मासेमारीवर चालणारे काठावरील व्यवसाय एकामागून एक बंद पडले. या माशांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१९८० ची घटना

सरोवराच्या दक्षिण बाजूस क्लर्मांट गावाजवळ टॉवर केमिकल कंपनी १९५७ पासून कीटकनाशके तयार करीत असे. कारखान्यातील आम्लयुक्त सांडपाणी आवारातील एका उघड्या तळ्यात साठविले जाई. १९८० मध्ये हे तळे भरून वाहिले आणि त्यातील पाणी लगतच्या दलदलीतून सरोवराला मिळणाऱ्या प्रवाहात गेले. त्यात डायकोफॉल, डीडीटी आणि त्यापासून तयार होणारी इतर संयुगे होती. पुढे कारखाना बंद पडला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्या जागेचा समावेश अग्रक्रमाने स्वच्छ करावयाच्या विषारी स्थळांच्या राष्ट्रीय यादीत केला.

डायकोफॉल हे डीडीटीपासूनच तयार केले जाते. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीवापरावर १९७२ मध्ये बंदी आली होती, परंतु डायकोफॉलच्या उत्पादनात अशुद्धी म्हणून डीडीटीचे अंश शिल्लक राहत. म्हणजे बंदी घातलेले रसायन दुसऱ्या नावाच्या डब्यातून शेतात जातच होते. १९८६ मध्ये या अशुद्धीचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावे, असे बंधन घालण्यात आले. डायकोफॉल हे रसायन भारतातही दीर्घकाळ उत्पादनात व वापरात होते. स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत ते २०१९ मध्ये घालण्यात आले आणि भारताने त्यावर २०२३ मध्ये बंदी घातली. डीडीटीचे उत्पादन रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही झाले आहे, हे महाराष्ट्रातील अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अंडी मोजण्यापासून झालेली सुरुवात

अपॉप्कातील मगरींकडे संशोधकांचे लक्ष प्रदूषणामुळे गेले नाही, ते कातड्याच्या व्यापारामुळे गेले. कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे फ्लोरिडाने १९६२ मध्ये मगरींच्या शिकारीवर बंदी घातली आणि १९६७ मध्ये संघराज्य पातळीवर हा प्राणी संकटग्रस्त ठरला. संरक्षणामुळे संख्या वेगाने वाढली आणि १९८७ मध्ये तो संकटातून सावरल्याचे जाहीर झाले. त्यामुळे मगरपालनासाठी नैसर्गिक घरट्यांतील अंडी मर्यादित प्रमाणात गोळा करू द्यावीत काय, हा प्रश्न १९८० च्या दशकात पुढे आला. यासाठी राज्याच्या वन्यजीव विभागातील ॲलन वुडवर्ड, तसेच फ्लोरिडा विद्यापीठाशी संलग्न असलेले फ्रँकलिन पर्सिव्हल व त्यांचे सहकारी निरनिराळ्या सरोवरांतील अंडी गोळा करून ती किती प्रमाणात उबतात हे मोजू लागले.

या मोजणीत अपॉप्काचे चित्र इतर सरोवरांहून वेगळे निघाले. तेथील अंडी उबण्याचे प्रमाण फारच कमी होते आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत लहान मगरींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. अंडी उबविण्याची पद्धत सर्वत्र सारखी असल्याने दोष उबवणीचा नव्हता. अंड्यांतच काहीतरी बिघडले होते.

कीटकनाशकांवर संशय जाणे स्वाभाविक होते. गॅरी हाइन्झ, पर्सिव्हल आणि मायकेल जेनिंग्ज यांनी १९८४ व १९८५ मध्ये गोळा केलेल्या अंड्यांचे रासायनिक पृथक्करण केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक दस्तऐवजांपैकी एक आहे. तपासलेल्या सरोवरांपैकी अपॉप्काच्या अंड्यांत कीटकनाशकांचे अंश सर्वाधिक होते. परंतु अपॉप्कातीलच निरनिराळ्या घरट्यांची परस्परांशी तुलना केली असता, ज्या घरट्यांत अंश जास्त होते तेथील अंडी कमी उबली, असे आढळले नाही. म्हणून मोजलेल्यांपैकी कोणतेही कीटकनाशक या अपयशाला जबाबदार दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हा निष्कर्ष प्रामाणिक होता आणि त्या काळच्या विषशास्त्राच्या चौकटीत तर्कशुद्धही होता. मात्रा वाढली की परिणाम वाढतो आणि परिणाम म्हणजे मृत्यू, अशी ती चौकट होती. अंडे उबले की भ्रूण निरोगी आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. उबलेल्या अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाच्या अंतर्रचनेत काय आहे, हा प्रश्न त्या संशोधनाने विचारलेला नव्हता.

तापमान आणि लिंग

तो प्रश्न पुढे का विचारला गेला हे समजण्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रजननाविषयीचा एक वेगळा शोध पाहावा लागतो. सस्तन प्राण्यांत संततीचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांनी ठरते. मगरींत, अनेक कासवांत आणि काही सरड्यांत ते तसे ठरत नाही. १९६६ मध्ये मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने सेनेगलमधील डाकार येथे ‘अगामा’ जातीच्या सरड्यांची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबविली, तेव्हा पिलांच्या लिंगाचे प्रमाण तापमानानुसार बदलते असे तिला आढळले. या निरीक्षणाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. सत्तरच्या दशकात कासवांवरील प्रयोगांनी त्याला दुजोरा मिळाला. १९८२ मध्ये मार्क फर्ग्युसन व टेड जोआनेन यांनी लुइझियानातील अमेरिकन मगरींवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. ३० अंश सेल्सियस किंवा त्याखाली उबविलेल्या अंड्यांतून सर्व माद्या आणि ३४ अंशांना सर्व नर निघतात, असे त्यांनी दाखविले. नंतरच्या प्रयोगांत नरांचे सर्वाधिक प्रमाण ३३ अंशांच्या आसपास असते आणि त्याहून अधिक उष्णतेत पुन्हा माद्या निघू लागतात, असे स्पष्ट झाले. भारतातील मगरीबाबत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज व रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रास क्रोकोडाइल बँकेत केलेले काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ३१ अंशांपर्यंत केवळ माद्या आणि ३२.५ अंशांना केवळ नर मिळाले. दीड अंशाच्या फरकाने एका घरट्यातील संपूर्ण पिढीचे लिंग बदलते, ही बाब हवामानबदलाच्या संदर्भात आज विशेष चिंतेची ठरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर ग्रेट बॅरियर रीफ भागातील हिरव्या समुद्री कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले.

तापमान हे काम संप्रेरकांमार्फत करते. भ्रूणाच्या विकासात एक ठराविक काळ असा असतो की, त्याच्या जननग्रंथी अंडाशय किंवा वृषण यांपैकी कोणतेही रूप घेऊ शकतात. मादी निपजविणाऱ्या तापमानात अरोमॅटेझ या विकराचे कार्य वाढते आणि ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. याचा अर्थ असा की, त्या काळात बाहेरून इस्ट्रोजेनसारखे काम करणारे रसायन अंड्यात पोहोचले, तर तापमानाने दिलेली सूचना ते पुसून टाकू शकते. जूडिथ बर्जेरॉन, डेव्हिड क्रूज आणि जॉन मॅक्लॅकलन यांनी १९९४ मध्ये नेमके हेच दाखविले. कासवांची अंडी नर निपजविणाऱ्या तापमानात ठेवून त्यांच्या कवचावर त्यांनी पीसीबी गटातील संयुगांचा लेप दिला. त्यांपैकी काही संयुगांमुळे त्या अंड्यांतून माद्या निघाल्या.

अपॉप्कातील मगरीला ही संयुगे कोणी बाहेरून लावावी लागत नव्हती. डीडीटीवर्गीय रसायने चरबीत विरघळतात. मादी अंड्यासाठी बलक तयार करते तेव्हा तिच्या शरीरातील चरबीबरोबर वर्षानुवर्षे साठलेले हे अंशही त्यात उतरतात. अन्नसाखळीच्या टोकाला असणारा आणि अनेक दशके जगणारा प्राणी असल्यामुळे मगरीच्या शरीरातील साठा मोठा असतो. अंड्यातील भ्रूणाला आईचा हा साठा पहिल्या दिवसापासून मिळतो.

गिलेट यांचे संशोधन

फ्लोरिडा विद्यापीठातील लुई गिलेट हे मूळचे प्रदूषणाचे अभ्यासक नव्हते. सरड्यांमध्ये अंडी घालण्याऐवजी पिलांना जन्म देण्याची पद्धत कशी उत्क्रांत झाली, हा त्यांचा विषय होता. मगरींच्या अंड्यांच्या प्रश्नात ते प्रजननशास्त्रज्ञ म्हणून आले आणि म्हणूनच त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. जगलेल्या पिलांचे काय झाले, हा तो प्रश्न होता. त्याच सुमारास, जुलै १९९१ मध्ये, थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिन राज्यातील विंगस्प्रेड येथे एक बैठक झाली. ग्रेट लेक्स परिसरातील पक्षी, मासे व सस्तन प्राणी यांच्यातील प्रजननदोषांचा एकत्रित विचार तेथे झाला आणि ‘अंतःस्रावी व्यत्यय’ ही संकल्पना पुढे आली. अपॉप्काच्या निरीक्षणांना त्यामुळे एक नाव मिळाले.

१९९४ मध्ये गिलेट व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अपॉप्का आणि तुलनेसाठी निवडलेले लेक वुडरफ या तुलनेने स्वच्छ अभयारण्य-सरोवरातील अंडी त्यांनी सारख्या परिस्थितीत उबविली आणि पिलांची तपासणी केली. सहा महिन्यांच्या अपॉप्काच्या माद्यांच्या रक्तात इस्ट्रॅडिऑलचे प्रमाण वुडरफच्या माद्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यांच्या अंडाशयातील एका पुटकात अनेक अंडपेशी आणि एका अंडपेशीत अनेक केंद्रके आढळली. नरांतील टेस्टोस्टेरॉन इतके कमी होते की, ते वुडरफच्या माद्यांच्या पातळीशी मिळतेजुळते होते. वृषणांची रचनाही विस्कळीत होती. सरोवरात पकडलेल्या तरुण नरांवरील १९९६ च्या निबंधात शिश्नाचा आकार सरासरी २४ टक्क्यांनी लहान आणि टेस्टोस्टेरॉन ७० टक्क्यांनी कमी असल्याचे नोंदविले गेले. ही पिले मेलेली नव्हती. ती पोहत होती, खात होती, वाढत होती. जुन्या मोजणीत त्यांची नोंद ‘यशस्वीपणे उबलेली अंडी’ अशी झाली असती.

या निष्कर्षांचा सार्वजनिक परिणाम मोठा झाला. कोलबॉर्न, डायन डुमानोस्की व जॉन पीटरसन मायर्स यांचे ‘अवर स्टोलन फ्यूचर’ हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात अपॉप्काच्या मगरींना महत्त्वाचे स्थान होते. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने संमत केलेल्या अन्नगुणवत्ता संरक्षण कायद्यात कीटकनाशकांची इस्ट्रोजेनसदृश परिणामांसाठी चाचणी घेण्याचे बंधन पर्यावरण संरक्षण संस्थेवर घालण्यात आले. एखाद्या सरोवरातील सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीररचनेचा देशाच्या अन्नविषयक कायद्याशी असा संबंध क्वचितच आला असेल. विल्यम केल्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. डीडीटीपासून तयार होणारे डीडीई हे संयुग नर-संप्रेरकाच्या ग्राहकांना अडवून धरते, असे त्यांना आढळले. त्यामुळे नरांतील दोष हा केवळ ‘स्त्रीकरणा’चा परिणाम आहे, ही समजूत सैल झाली.

सर्वच पावले पुढे पडली असे नाही. १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका निबंधात दोन क्षीण रसायने एकत्र आली की त्यांचा इस्ट्रोजेनसदृश परिणाम शेकडो पटींनी वाढतो, असा दावा केला गेला. इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही आणि १९९७ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. या प्रसंगाचा उपयोग संपूर्ण संकल्पनाच फेटाळण्यासाठी करण्यात आला, हे अन्यायाचे होते. मगरींवरील निरीक्षणे त्या निबंधावर अवलंबून नव्हती. पण घाईने काढलेल्या एका निष्कर्षाची किंमत संपूर्ण विषयाला मोजावी लागते, याचेही हे उदाहरण आहे.

कारण विस्तारत जाते

१९९० च्या दशकाच्या अखेरीस संशोधन अपॉप्काबाहेर गेले आणि कारणमीमांसा अधिक गुंतागुंतीची झाली. ज्या सरोवरांत कोणताही कारखान्याचा अपघात झालेला नव्हता, पण ज्यांच्या काठी दीर्घकाळ शेती होत होती, तेथील तरुण मगरींतही संप्रेरकांच्या पातळीत आणि जननेंद्रियांच्या आकारात फरक आढळले. लेक ग्रिफिन हे असेच एक सरोवर. तेथे त्याच काळात प्रौढ मगरीही मोठ्या संख्येने मरू लागल्या. मारिया सेपूल्वेदा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये भ्रूणमृत्यूचा संबंध थायमिन म्हणजे ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी असल्याचे दाखविले. गिझर्ड शॅड माशांत थायमिन नष्ट करणारे विकर असते. ज्या सरोवरात शेवाळ माजते तेथे हे मासे वाढतात आणि मगरींचा आहार त्यांच्याकडे झुकतो.

येथे १९४१ पुन्हा समोर येते. शेतीमुळे फॉस्फरस, फॉस्फरसमुळे शेवाळ, शेवाळामुळे शॅड, शॅडमुळे जीवनसत्त्वाची उणीव, अशी एक साखळी आणि शेतातील कीटकनाशके ते बलक ही दुसरी साखळी. दोन्हींचा आरंभ एकाच बांधापाशी होतो. १९८० च्या अपघाताने त्यांत तीव्र भर घातली. म्हणूनच १९९१ च्या निबंधात एका रसायनाचा एका परिणामाशी संबंध जुळला नाही, यात आज आश्चर्य वाटत नाही.

शेतजमिनींतील साठ्याचा पुरावा अनपेक्षित रीतीने मिळाला. सरोवराच्या पुनरुज्जीवनासाठी १९९६ च्या राज्य कायद्यान्वये उत्तर काठावरील शेते सरकारने विकत घेतली. १९९८ मध्ये शेती बंद झाली आणि जमीन पुन्हा पाणथळ करण्यासाठी तिच्यावर पाणी सोडण्यात आले. हजारो पक्षी तेथे उतरले आणि त्या हिवाळ्यात ते मरू लागले. प्रकल्पाच्या जागेवर ६७६ मृत पक्षी मोजले गेले आणि त्यांपैकी ४४१ पांढरे पेलिकन होते. मृत्यूचे कारण मातीतील डीडीटीवर्गीय संयुगे, टॉक्साफीन व डायेल्ड्रिन हे ठरले. ही माती टॉवर केमिकलच्या तळ्यातील नव्हती. सरोवराच्या विरुद्ध टोकाला, नेहमीच्या व कायदेशीर शेतीत, अर्धशतकभर फवारलेली ती रसायने होती. जमीन पुन्हा कोरडी करून, खोल नांगरणीने वरची माती खाली गाडून मगच ती टप्प्याटप्प्याने भिजविण्यात आली. पुढे सरोवरातील फॉस्फरस कमी झाला आणि काही ठिकाणी पाणवनस्पती परतल्या. २०१५ पासून या काठावरून पर्यटकांना वाहनातून पक्षी आणि मगरी पाहता येतात.

वय आणि वारसा

मगरीच्या दीर्घायुष्यामुळे या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. प्रौढ मादी अनेक दशके अंडी घालत राहते आणि सस्तन प्राण्यांप्रमाणे वार्धक्याने तिचे प्रजनन लवकर थांबत नाही. त्यामुळे एकाच मादीच्या आयुष्यात प्रदूषणाचे संपूर्ण पर्व सामावू शकते. वय वाढते तसे डीएनएवरील मेथिल गटांच्या खुणांत बदल होत जातात आणि त्यांवरून प्राण्याच्या शरीराचे वय अजमावता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मगरींतील अशा खुणांची घट वयाशी आणि पाऱ्याच्या प्रदूषणाशी निगडित असल्याचे आढळले. प्रदूषणामुळे वार्धक्याची गतीच बदलते काय, हा प्रश्न त्यातून पुढे आला असून त्यावर काम चालू आहे.

गिलेट यांचे २०१५ मध्ये निधन झाले. मॅथ्यू हेल व बेंजामिन पॅरट यांनी २०२० मध्ये त्यांचा मूळ प्रश्न नव्या साधनांनी तपासला. स्वच्छ वुडरफ सरोवरातील भ्रूणांना अंड्यात असतानाच अकाली इस्ट्रोजेन दिले असता, त्यांच्या अंडाशयातील जनुकांचे कार्य अपॉप्काच्या मगरींप्रमाणे बऱ्याच अंशी बदलते, असे त्यांना आढळले. अंड्यात काही आठवड्यांच्या काळात मिळालेली चुकीची सूचना पिलू मोठे झाल्यावरही पुसली जात नाही, या जुन्या अनुमानाला यामुळे बळ मिळाले.

बांधाच्या आतील माणसे

या संपूर्ण संशोधनात एका घटकाची उपस्थिती अगदी थोडी आहे. बांधाच्या आतील शेतांवर अनेक पिढ्या राबलेले मजूर प्रामुख्याने आफ्रिकी-अमेरिकी होते आणि पुढे त्यांत हैती व मेक्सिकोतून आलेल्यांची भर पडली. फवारणी चालू असताना किंवा नुकत्याच फवारलेल्या पिकांत काम केल्याच्या आठवणी त्यांनी सांगितल्या आहेत. सरोवरातील मासे हा त्यांच्यापैकी अनेकांच्या आहाराचा भाग होता. १९९८ मध्ये शेते बंद झाली तेव्हा सुमारे २,५०० जणांचा रोजगार गेला. जमीनमालकांना खरेदीची किंमत मिळाली. मजुरांसाठी जाहीर झालेली मदत तोकडी ठरली, असे त्यांच्या संघटनेचे म्हणणे आहे.

फ्लोरिडा शेतमजूर संघटनेने २००६ मध्ये या माजी मजुरांच्या आरोग्याची पाहणी प्रसिद्ध केली. सांधेदुखी, त्वचारोग, मूत्रपिंडाचे विकार, ल्यूपस, मुलांतील जन्मजात दोष अशा तक्रारींची त्यात नोंद आहे. मगरींवर आणि पक्ष्यांवर एवढे संशोधन झाले, मग आमच्यावर का नाही, हा त्यांचा प्रश्न वृत्तपत्रांतून वारंवार आला. काही विद्यापीठांतील संशोधकांनी नंतर त्यांच्यासोबत काम केले, पण मगरींवरील निबंधांच्या तुलनेत ते फारच थोडे आहे.

हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तो पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. २००६ ची पाहणी मुलाखतींवर आधारलेली होती. तिच्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेता येतो आणि तो योग्यच आहे. परंतु मगरींच्या बाबतीत कार्यकारणभाव प्रस्थापित करता आला, तो १९८० च्या दशकापासून दरवर्षी कोणीतरी अंडी मोजत होते म्हणून, आणि तुलनेसाठी वुडरफ सरोवर उपलब्ध होते म्हणून. ही मोजणीसुद्धा कातड्याला बाजारात किंमत होती म्हणून सुरू झाली. मजुरांच्या बाबतीत अशी वार्षिक नोंद ठेवली गेली नाही, तुलनेचा गटही निवडला गेला नाही आणि शेते बंद होताच माणसे विखुरली.

त्यांच्यापैकी काहींनी नंतर दोन गोधड्या शिवल्या. मरण पावलेल्या सहकाऱ्यांपैकी एकेकाच्या आठवणीचा एकेक चौकोन त्यांवर आहे. त्या चौकोनांवर शेतातील पिके आहेत आणि सरोवरातील मासेही आहेत. या गोधड्या सभा व प्रदर्शनांतून ठिकठिकाणी नेल्या जातात.